फट किती ठेवायची? धातूच्या अचूक कोड्यांमागचे विज्ञान

वरून पाहिल्यास ती पोलादाची अखंड वडी वाटते. घासून सपाट केलेल्या पृष्ठभागावर कुठे रेघ दिसत नाही की नखाला खाच लागत नाही. खालच्या बाजूने अंगठ्याने दाबले की मात्र मधला भाग मोराच्या आकारात वर सरकतो, आणि सोडून दिल्यावर आपल्याच वजनाने सावकाश खाली बसून पुन्हा दिसेनासा होतो. अशी कोडी कलावस्तू म्हणून विकली जातात आणि यंत्रभाग बनवणाऱ्या कंपन्या ती आपल्या ग्राहकांना भेट म्हणूनही देतात. पाहणाऱ्याचे लक्ष मोराकडे जाते. बनवणाऱ्याचा बहुतेक वेळ मात्र मोर आणि त्याच्या भोवतालची चौकट यांमधल्या फटीवर खर्च झालेला असतो.

तुकडे जुळवण्याचा खेळ जुनाच आहे. लंडनमधील जॉन स्पिल्सबरी याने १७६०च्या दशकात लाकडी फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवर करवतीने कापले होते. लाकूड आणि पुठ्ठा थोडे दबतात, त्यामुळे तिथे करवतीने खाल्लेली जागा खपून जाते. पोलाद अशी सवलत देत नाही.

या कामासाठी वापरले जाणारे यंत्र कारखान्यांत ‘वायरकट’ या नावाने ओळखले जाते. सोव्हिएत संघातील बोरिस आणि नतालिया लाझारेन्को हे शास्त्रज्ञ दांपत्य विजेच्या ठिणग्यांमुळे टंगस्टनच्या संपर्कबिंदूंची होणारी झीज कशी थांबवावी, याचा अभ्यास करत होते. झीज थांबत नाही असे दिसल्यावर त्यांनी १९४३च्या सुमारास तिलाच कामाला लावले आणि ठिणगीने धातू कोरण्याची पद्धत उभी राहिली. वायरकटमध्ये साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीची पितळी तार ताणलेली असते आणि ती एका रिळावरून सुटून दुसरीकडे सतत जात राहते. क्षार काढून टाकलेल्या पाण्यात तार आणि जॉब (कापायची धातूची वडी) यांच्यामध्ये सेकंदाला हजारो ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगीच्या जागी क्षणभर ८ ते १२ हजार अंश सेल्सिअस तापमान निर्माण होते, तिथला धातूचा सूक्ष्म कण वितळून उडतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. तार धातूला कधीच टेकत नाही. म्हणूनच कडक केलेले पोलादही लोण्यासारखे कापले जाते आणि कापताना त्यावर करवतीसारखा दाब येत नाही. आपल्याकडे मॉलिब्डेनमची तार पुढे-मागे फिरवून तीच पुन्हा वापरणारी स्वस्त यंत्रेही बरीच आहेत. तार झिजत जात असल्याने त्यांची अचूकता कमी पडते, आणि अशा कोड्यांसाठी ती वापरू नयेत असे माझे मत आहे.

तार टेकत नाही म्हणजे ती काही खातच नाही, असे नव्हे. तारेची जाडी आणि दोन्ही बाजूंचे ठिणगीचे अंतर मिळून सुमारे ०.३ मिलिमीटर धातू नाहीसा होतो. एकाच वडीतून मोर कापला, तर तो आपल्याच चौकटीत खुळखुळेल. ज्या कोड्यात रेघ दिसू नये, त्यात फट ५ ते १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतच चालते. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. यावर तोडगा असा, की एका वडीतून तारेला रेषेच्या बाहेरून नेऊन मोर कापायचा आणि दुसऱ्या वडीतून रेषेच्या आतून नेऊन मोराची जागा कापायची. पहिल्या वडीची चौकट भंगारात जाते, दुसऱ्या वडीतला मोर भंगारात जातो. हे दोन उरलेले भाग एकमेकांत बसवून पाहिले तर चहूबाजूंनी ०.६ मिलिमीटर मोकळे राहतात, आणि लहान मुलांच्या खेळण्यासाठी ते अगदी योग्य ठरतात.

प्रेसमध्ये पत्रा कापणाऱ्या साच्यांच्या जोडीचे, म्हणजे डाय-पंचचे, काम करणाऱ्या टूलरूमला (अशी हत्यारे बनवणाऱ्या विभागाला) हे तंत्र नवे नाही. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी या सोलापूरच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांनी पंच आणि डाय जुळवले आहेत, त्यांना कोड्याचे चित्र पाहताक्षणी कोणता भाग कोणत्या वडीतून काढायचा हे कळेल. फरक इतकाच, की डाय-पंचमध्ये पत्र्याच्या जाडीनुसार फट मुद्दाम ठेवतात, आणि इथे ती जवळजवळ उरू द्यायची नसते.

दुसराही एक मार्ग आहे आणि तो मला अधिक देखणा वाटतो. तार सरळ उभी न ठेवता किंचित कलती ठेवून एकाच वडीतून आकार कापला, तर आतला तुकडा पाचरीसारखा होतो आणि अक्षाच्या दिशेने सरकल्यावर फट मिटवत जातो. ५ अंशांचा कल आणि ०.३ मिलिमीटर फट असेल, तर तुकडा सुमारे ३.५ मिलिमीटर सरकताच सगळीकडून घट्ट बसतो. मग वर किंवा खाली जे उरले असेल ते ग्राइंडिंगने, म्हणजे फिरत्या दगडाने घासून, सपाट करायचे. यात धातू वाया कमी जातो. मात्र असा तुकडा एकाच बाजूने निघतो, आणि पाचर म्हटल्यावर तो जोरात दाबला की अडकतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

आकार ठरवतानाही तारेची मर्जी सांभाळावी लागते. तार गोल असल्यामुळे बाहेरचा कोपरा टोकदार निघू शकतो, आतला कधीच निघत नाही. त्याला तारेची त्रिज्या आणि ठिणगीचे अंतर मिळून किमान ०.१५ मिलिमीटरची गोलाई राहतेच. आता सोलापुरी चादरीवरची नक्षी धातूत आणायची आहे असे समजा. जॅकार्ड (नक्षी विणणाऱ्या) मागावरची नक्षी मुळात चौकटींच्या कागदावर आखलेली असते, त्यामुळे फुलाची वळणदार पाकळीही जवळून पाहिली तर पायऱ्यापायऱ्यांची दिसते. प्रत्येक पायरीत एक आतला आणि एक बाहेरचा कोपरा असतो. ही कड जशीच्या तशी कापली, तर चौकटीच्या गोल कोपऱ्यात तुकड्याचा टोकदार कोपरा अडकेल आणि दोन्ही बसणारच नाहीत. म्हणून संगणकावर आराखडा करतानाच प्रत्येक कोपऱ्याला, आतल्या आणि बाहेरच्याही, ०.२ मिलिमीटरची गोलाई द्यायची. डोळ्याला ती दिसत नाही आणि नक्षीची पायरी कायम राहते.

रेघ दिसेनाशी होण्याचे श्रेय एकट्या वायरकटचे नाही. हातभर अंतरावरून डोळ्याला मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा लहान तपशील सहसा वेगळा दिसत नाही, हे खरे. पण कडेवर जराशी धार मोडलेली असली, तर प्रकाश तिथून वेगळ्या दिशेला परावर्तित होतो आणि फटीपेक्षा कितीतरी रुंद रेघ चमकते. त्यामुळे एरवी कारखान्यात प्रत्येक कडेची धार मोडण्याची जी शिस्त आहे, ती इथे बाजूला ठेवावी लागते. तुकडे चौकटीत बसवून सगळे एकत्रच सरफेस ग्राइंडरवर घ्यायचे. दगडाच्या बारीक रेषा तुकड्यावरून चौकटीवर अखंड जातात आणि नजर त्या रेषांच्या मागे जाते. तुकडा ९० अंशांत फिरवून बसवला, तर लगेच ओळखू येतो.

सोलापुरात या कोड्यांचा खरा शत्रू म्हणजे उन्हाळा. मोजमापाचे आंतरराष्ट्रीय संदर्भ तापमान १९३१ पासून २० अंश सेल्सिअस आहे, आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सगळे भाग एकाच धातूचे आणि एकाच तापमानाचे असतील, तर ते एकाच प्रमाणात वाढतात आणि फट जवळपास तेवढीच राहते. गडबड होते ती तापमानात किंवा धातूत फरक पडला की. ६० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा हातात धरून ठेवल्यामुळे चौकटीपेक्षा १० अंशांनी गरम झाला, तर तो जवळजवळ १४ मायक्रॉनने वाढतो. पोलादाचा तुकडा याच्या निम्म्याने, साधारण ७ मायक्रॉनने. दोन्ही बाजूंची मिळून फट पाच मायक्रॉन असेल, तर तिच्यात दोघांपैकी एकही जाणार नाही. पाहुण्याला वाटते कोडे अवघड आहे. वास्तविक त्याचा तळहात गरम असतो. पोलादी चौकटीत पितळी तुकडा बसवल्यास दिसायला फार सुंदर दिसते, पण पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते. वातानुकूलित खोलीत २४ अंशांना सहज सरकणारा तसा ६० मिलिमीटरचा तुकडा ४२ अंशांच्या दुपारी आठ मायक्रॉनने तंग होतो आणि जागचा हलत नाही.

तुकडा सावकाश खाली बसतो, त्याचे कारण हवा. तळ बंद असेल, किंवा वडी सपाट टेबलावर ठेवल्याने बंद झाला असेल, तर खाली कोंडलेल्या हवेला फटीतूनच वाट काढावी लागते, आणि अरुंद फटीतून वाहणाऱ्या हवेचे प्रमाण फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे बदलते. फट १० मायक्रॉनवरून ५ वर आणली की हवा निम्म्याने नव्हे, तर आठपटीने कमी जाते. त्यामुळे तुकडा किती वेळात बसतो यावरून फट किती आहे याचा बरा अंदाज येतो. बनवणाऱ्याला घाई असेल तर तो तळाला बारीक भोक पाडतो. मला ते भोक म्हणजे रसभंग वाटतो.

धातू निवडताना विद्युतवाहकता हवीच, पण सवंग स्टेनलेस स्टील टाळलेले बरे: ३०४ जातीचे दोन तुकडे घट्ट घासले गेले, तर त्यांचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात आणि एकदा अडकले की हातोडीशिवाय सुटत नाहीत. कडक करता येणारे ४२० जातीचे स्टील त्यापेक्षा भरवशाचे.

तुकड्यांची संख्या वाढली की चुका साठत जातात. एका ओळीत दहा तुकडे आहेत आणि प्रत्येक पाच मायक्रॉनने मोठा निघाला, तर शेवटच्यासाठी ५० मायक्रॉन जागा कमी पडते. चार दिशांनी बसणारा चौरस दिसायला सोपा, पण तो एकाच दिशेने बसणाऱ्या मोरापेक्षा कापायला कठीण असतो, कारण चारही वेळा तो तितकाच अचूक बसला पाहिजे.

भेटवस्तू म्हणून कोडे मागवणाऱ्या कंपन्या बहुधा बोधचिन्हाचा आग्रह धरतात. बोधचिन्ह कोरण्याऐवजी कंपनी जे बनवते त्याचाच छेद कोड्याचा आकार म्हणून घेतला, तर वस्तू स्वतःच बोलते: कॅमशाफ्ट बनवणाऱ्याने कॅमचा अंड्यासारखा आकार द्यावा, माग बनवणाऱ्याने धोट्याचा. संख्येचा हिशेब मात्र आधी करावा. २० मिलिमीटर जाडीच्या वडीत ४०० मिलिमीटर लांबीची रेषा कापायची म्हणजे ८,००० चौरस मिलिमीटरचा छेद. मिनिटाला ८० चौरस मिलिमीटरचा वेग धरला तरी पहिल्या कापालाच १०० मिनिटे लागतात, दोन वड्यांसाठी त्याच्या दुप्पट, आणि त्यावर पृष्ठभाग सुधारण्यासाठी तारेच्या दोन-तीन हलक्या फेऱ्या आणि ग्राइंडिंग. एका कोड्यामागे यंत्राचे पाच-सहा तास सहज जातात. दसऱ्याला ऑर्डर देऊन दिवाळीला दोनशे नग मागणाऱ्याने लेझरने कापलेल्या पातळ पत्र्याची, फट दिसणारी कोडी घ्यावीत. वायरकटची निवडक दहा-बारा ग्राहकांसाठी राखावीत, आणि त्यांचे काम गणपतीच्या आधीच सुरू करावे.