छातीतली जळजळ ॲसिडचीच आहे का? वायरलेस पीएच कॅप्सूल तपासणीची माहिती

छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, करपट ढेकरा अशी तक्रार असली की डॉक्टर बहुधा ॲसिड कमी करणारी गोळी देतात आणि पुष्कळांना तिने गुण येतो. तुम्हाला आला असेल, तर ही तपासणी तुमच्यासाठी नाही. दुर्बिणीतून अन्ननलिकेत ॲसिडच्या ठळक जखमा दिसल्या असतील तरीही सहसा नाही, कारण निदान तिथेच झालेले असते.

तपासणी लागते ती अधल्यामधल्या लोकांना. गोळ्या कित्येक महिने चालू आहेत, जळजळ तशीच आहे आणि दुर्बिणीत अन्ननलिका स्वच्छ दिसते. किंवा जुना खोकला आहे, आवाज बसतो आणि कारण सापडत नाही. किंवा ॲसिड वर येऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करायचे चालले आहे. आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या किंवा ऑपरेशन करायचे, तर ॲसिड खरोखर वर येते का, हे आधी मोजलेले बरे.

ही कॅप्सूल गिळायची नसते

गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल वेगळी. ही कॅप्सूल अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला टाचली जाते. ती सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते आणि जाडी अर्ध्या सेंटीमीटरहून किंचित जास्त. डॉक्टर आधी दुर्बिणीने अन्ननलिका जठराला कुठे मिळते ते पाहतात आणि त्या जागेच्या ६ सेंटीमीटर वर कॅप्सूल बसवतात. तिच्या पोटाशी एक छोटा खळगा असतो. पंपाने हवा ओढली की अस्तराचा चिमूटभर भाग त्या खळग्यात येतो, मग एक बारीक पिन त्यातून आरपार जाते आणि कॅप्सूल जागेवर अडकते. हे बहुधा गुंगीच्या इंजेक्शनखाली होते. त्यामुळे उपाशीपोटी या, सोबत कोणाला तरी आणा आणि त्या दिवशी गाडी चालवू नका.

पूर्वीपासूनच्या पद्धतीत नाकातून बारीक नळी घालून ती २४ तास ठेवतात. ती पद्धत वाईट नाही. ॲसिड नसलेले पाणी वर येते का, हे नळीच्या एका प्रकारात कळते. आमच्या कॅप्सूलला ते कळत नाही. पण नाकात नळी असलेला माणूस घराबाहेर पडत नाही, नीट जेवत नाही, आणि मग नेमका त्या दिवशी त्रास होत नाही. शिवाय ॲसिड रोज सारखे येत नाही. एक दिवस कोरडा जातो, दुसऱ्या दिवशी रात्रभर जळजळ. कॅप्सूल ४८ तास, आणि शक्य असेल तर ९६ तास नोंद ठेवते. आमच्या मते तिचा खरा फायदा हाच आहे.

आधीची तयारी

गोळ्या बंद ठेवून तपासणी करायची असेल, तर पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल यांसारख्या गोळ्या साधारण ७ दिवस आधी थांबवाव्या लागतात, फॅमोटिडीनसारख्या दोन-तीन दिवस आधी आणि साधे अँटासिड आदल्या दिवसापासून. कोणती गोळी कधी बंद करायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. मनाने काहीच थांबवू नका, रक्त पातळ करणारी गोळी तर मुळीच नाही. या आठवड्यात त्रास वाढू शकतो, याची मनाची तयारी ठेवा.

पेसमेकर किंवा तसे यंत्र बसवलेले असेल, रक्तस्रावाचा आजार असेल, अन्ननलिका अरुंद झालेली असेल, तिथल्या शिरा फुगलेल्या असतील किंवा निकेलची ॲलर्जी असेल, तर वेळ ठरवण्याआधीच सांगा. अशांना ही कॅप्सूल बसवत नाहीत.

त्या दिवसांत रेकॉर्डर आणि बटण

कॅप्सूल दर काही सेकंदांनी ॲसिड मोजते आणि रेडिओलहरींनी आकडा रेकॉर्डरला पाठवते. रेकॉर्डर कमरेला लावा. रात्री तो उशाशी ठेवा, अंघोळीच्या वेळी भिजणार नाही असा पण हाताच्या अंतरावर. एक मीटरपलीकडे गेलात तर नोंद तुटते.

रेकॉर्डरवर लक्षणांची बटणे असतात. जळजळ झाली की लगेच दाबा, हातातले काम संपवून नव्हे. कारण संगणक त्रासाच्या आधीच्या २ मिनिटांत ॲसिड वर आले होते का, एवढेच पाहतो. पाच मिनिटांनी बटण दाबलेत, तर खरा संबंध असूनही तो नोंदीत सापडणार नाही. जेवण, झोपणे, उठणे यांच्या वेळाही डायरीत लिहा, आणि त्या रेकॉर्डरवरच्या घड्याळाप्रमाणेच लिहा. मनगटावरचे घड्याळ चार मिनिटे पुढे असले तरी सगळा ताळमेळ चुकतो.

एरवी रोजच्यासारखे राहा. ज्या पदार्थाने त्रास होतो असे वाटते तोही खा. ‘तपासणी आहे म्हणून पथ्य पाळले’ असे कोणी सांगितले की आम्हाला वाईट वाटते, कारण तेवढे दिवस वाया गेलेले असतात.

गिळताना छातीत काहीतरी अडकल्यासारखे बऱ्याच जणांना वाटते; ते बहुधा सौम्य असते. क्वचित कॅप्सूल लवकर सुटते आणि तपासणी पुन्हा करावी लागते. फारच दुखत असेल तर ती दुर्बिणीने काढता येते. तीव्र वेदना, ताप, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाले, तर आमच्या फोनची वाट न पाहता रुग्णालय गाठा. छातीत दाब येऊन घाम फुटला, तर ती ॲसिडिटी समजून बसू नका.

अहवालात काय असते

पीएच म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितके ॲसिड जास्त. अन्ननलिकेतला पीएच ४ च्या खाली गेला की ॲसिड वर आले असे धरतात. दिवसाच्या एकूण वेळापैकी किती टक्के वेळ तसे होते, हा मुख्य आकडा. ४ टक्क्यांच्या आत, म्हणजे २४ तासांत साधारण ५८ मिनिटांपर्यंत, ते सर्वसाधारण समजतात. ६ टक्क्यांच्या वर, म्हणजे ८६ मिनिटांहून जास्त, आणि तेही एकाहून अधिक दिवस असेल, तर ॲसिड रिफ्लक्स, म्हणजे ॲसिड वर येण्याचा आजार, पक्का. मधला भाग संदिग्ध असतो. तिथे बटणाच्या नोंदी आणि इतर तपासण्या पाहून डॉक्टर ठरवतात.

आकडा सर्वसाधारण आला म्हणजे तुमचा त्रास खोटा ठरत नाही. काहींची अन्ननलिका थोड्याशा ॲसिडनेही जळते, काहींची ॲसिड नसतानाही. त्यांचे उपचार वेगळे असतात, आणि ॲसिडच्या गोळ्यांचा डोस वाढवत नेण्यात तिथे अर्थ नसतो.

कॅप्सूल साधारण ५ ते १० दिवसांत आपोआप सुटते आणि शौचावाटे निघून जाते. ती शोधायची किंवा परत आणायची गरज नाही. तपासणीनंतर ३० दिवस एमआरआय करू नका, आणि कोणी सुचवला तर कॅप्सूलविषयी आवर्जून सांगा. परत आणायचा तो रेकॉर्डर, आणि त्यासोबत डायरी. डायरी अर्धवट असेल तरी चालेल, पण येताना वाटेत बसून आठवेल तशी भरू नका.