पवनचक्की ढग पळवते?

पठारावर पवनचक्की येणार म्हटलं की कोल्हापूरच्या पश्चिमेला शाहूवाडी-गगनबावड्याकडे एकच ओरड: पात्यांनी ढग पांगतात, पाऊस जातो. पवनचक्की म्हणजे पंखा नव्हे. ती वारा सोडत नाही, वाऱ्याची ताकद घेते. पात्यांमागे वारा मंदावतो, एवढंच. पात्याचं टोक १०० ते २०० मीटरवर, पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत चढलेले. (गगनबावड्यात ढग अंगाला लागतो हे खरं, पण पाऊस तेवढ्याशा थरावर ठरत नाही.) जिल्ह्याच्या पूर्वेला शिरोळला पाऊस कमी, कारण घाटमाथाच तो आधी उतरवून घेतो. आणि १९७२ च्या दुष्काळात कुठे होत्या पवनचक्क्या?

भांडायचंच तर पवनचक्कीसाठी काढलेल्या रस्त्याबद्दल भांडा. डोंगर कापून माती ओघळीत ढकलली, मोरीला बारीक पाइप टाकला, की पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या शेतांच्या ताली (बांध) फुटतात.