पेटीमास्तर ते कॅसिओमास्तर: खान्देशी बँडचा म्होरक्या कसा बदलला

गेल्या लगीनसराईत पारोळ्याजवळच्या एका खेड्यात वरात मारुतीच्या पारापाशी अडली होती. दिवस मावळला होता, तरी अंगाला झळ लागत होती. बँडच्या गाडीवर साठी ओलांडलेले एक मास्तर लोखंडी स्टँडवरच्या कीबोर्डमागे उभे होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, मानेभोवती घामाने भिजलेला रुमाल. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात कडेच्या छोट्या चाकावर. गर्दीतून एक पोरगं ओरडलं, "ओ मास्तर, आते नाचानं वाजाडा ना!" मास्तरांनी वर बघितलंही नाही. एक बटण दाबलं, ऑक्टोपॅडवाल्याकडे, म्हणजे काठ्यांनी इलेक्ट्रॉनिक ताल वाजवणाऱ्याकडे, पाहून मान किंचित हलवली, आणि सनईची संथ धून बघता बघता ठेक्यावर आली.

त्या मान हलवण्यालाच बँड चालवणं म्हणतात. पण पट्ट्यांमागचा माणूस बँडचा मालक, ही गोष्ट खान्देशात जुनी नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या बँडमध्ये त्याला जागाच नव्हती.

पियानो वाजवत बँड चालवणारा माणूस ही मुळात अमेरिकेकडची रीत. तिथला सर्वांत मोठा दाखला ड्यूक एलिंग्टनचा. 1920 च्या दशकात त्याने बँड हाती घेतला आणि 1974 मध्ये मरेपर्यंत सोडला नाही. या पन्नास वर्षांत मोठे बँड परवडेनासे झाले, भलेभले मोडले. एलिंग्टनचा टिकला, कारण स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीचा पैसा तो वादकांच्या पगारात घालत राहिला. त्याचा सॅक्सोफोनवाला हॅरी कार्नी 1927 मध्ये आला, तो शेवटपर्यंत गेलाच नाही. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना एलिंग्टनला आपल्या गाडीतून नेणाराही तोच. आपल्याकडच्या कुठल्याही बँडमालकाला हे सांगितलं तर तो हसेल आणि म्हणेल, माणसं सांभाळणं हेच तर काम, वाजवणं काय, पोरंही वाजवतात.

हा एलिंग्टन 1963 च्या दौऱ्यात भारतातही येऊन गेला. त्याच्या आधी टेडी वेदरफोर्ड आला होता. 1903 चा जन्म, शिकागोत नाव कमावलेला कृष्णवर्णीय पियानोवादक. शांघाय गाजवून 1930 च्या दशकात तो मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात स्वतःचा बँड चालवला, आणि 1945 मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. मुंबई आणि कलकत्ता 1870 मध्ये रेल्वेने जोडले गेले ते भुसावळवरून. त्यामुळे या बड्या हॉटेलांतलं संगीत आणि खान्देश यांच्यात अंतर होतं ते मैलांचं नव्हतं. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, आणि अशा वसाहतींच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे क्लबात, पियानोवर नाच चालत. पण ते कुंपणाच्या आत. बाहेरच्या गावाला त्यातलं ऐकू आलंच तर भिंतीवरून.

पियानो खान्देशात रुजला नाही याचं कारण रुची नव्हे, वजन आणि ऊन. उभा पियानोसुद्धा दोन-अडीचशे किलोंचा. आत दोनशेच्या वर तारा, त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा, तो तोलायचा बिडाच्या चौकटीने, पण सूर घुमतो लाकडी फळीवर. जळगावात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पावसाळ्यात हवा दमट. लाकूड आकसतं, फुगतं, तारा उतरतात. आणि त्या लावायला माणूस आणायचा कुठून? थेट मुंबईहून.

पेटीला यातलं काही लागत नव्हतं. हार्मोनियमचं पेटंट 1842 चं, पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँचं. पण पायाने भाता मारायची ती खुर्ची-टेबलाची गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी तिला जमिनीवर बसवून हाताने भाता हलवायची सोय केली आणि वाद्य पंगतीत आलं. सूर देणाऱ्या आतल्या पितळेच्या पत्त्या एकदा सुरात लावल्या की वर्षं काढतात. सूर उतरला तर पत्तीचं टोक कानशीने हलकं घासायचं, की सूर चढतो. चढला असेल तर बुडाशी घासायचं, की उतरतो. हे काम खेड्यातल्या हाताला जमण्यासारखं होतं. खान्देशात तिला हार्मोनियम म्हणणारा भेटला तर तो शिक्षक असायचा. बाकी सगळ्यांची ती पेटी.

संगीत नाटकांच्या कंपन्यांनी पेटीला आणि पायपेटीला, म्हणजे ऑर्गनला, मान दिला. बालगंधर्वांच्या बालपणाचा काही काळ जळगावातच गेला. तिथल्या खुल्या नाट्यगृहाला आज त्यांचं नाव आहे. गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकायला लोक नाटकाला जात, अशी त्या वाद्याची ऐट होती. गावोगावच्या हौशी नाटकांत, गणपतीतल्या मेळ्यांत आणि भजनी मंडळांत तोच कित्ता गिरवला गेला. इकडे आकाशवाणीने मात्र 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, आणि ती 1971 पर्यंत उठली नाही. आक्षेप असा, की पेटीचे सूर ठाशीव, त्यांच्यावरून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, घेता येत नाही. आक्षेप खोटा नव्हता. पण एकादशीच्या भजनाला बसलेल्या माणसाला त्याचं काय!

तरीही पेटीमास्तर तो पेटीमास्तरच राहिला, बँडमास्तर झाला नाही. कारण साधं आहे. पेटी बसून वाजते, वरात चालते.

चालत्या वरातीचं वाद्य वेगळं होतं. जुन्या काळी डफ, सनई, संबळ. हे वाजवण्याचं काम जातीने वाटून दिलेलं, आणि मान कमी, राबणं जास्त. मग इंग्रजी पलटणींच्या नकलेने पितळी बँड आला. त्याने जात पुसली नाही, पण अंगावर गणवेश चढवला आणि वाजंत्र्याला 'मास्तर' म्हणायला लावलं. हा फरक लहान समजू नये. या बँडचा म्होरक्या क्लॅरिनेटवाला. गाण्याची चाल त्याच्याकडे, मागे ट्रम्पेट आणि युफोनियम, शेवटी ढोल आणि झांजा. 1931 मध्ये बोलपट आले आणि बँडला गाण्यांचा कधीच न आटणारा झरा मिळाला. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे वादक त्या गाण्यांना पितळी साज चढवत होते; त्यांतले कित्येक आधी हॉटेलांतल्या जॅझ बँडमधून आलेले. संगीतकार सी. रामचंद्र हा पुणतांब्याचा माणूस, सुरुवात पेटीच्या साथीने केलेला; त्याने चिक चॉकलेटसारख्या ट्रम्पेटवाल्याला हाताशी धरलं आणि जॅझचा ठेका हिंदी गाण्यात आणला. ताजमहाल हॉटेलातलं संगीत एरंडोलच्या वरातीत पोहोचलं ते या आडवाटेने. नाचणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता आणि असायची गरजही नव्हती.

इथे एक बारकी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा बदल तिच्यात आहे. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही वाद्यं ज्या सुराची बनवतात, तो पेटीवरचा काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी पट्टी. बँडला सोपं पडतं ते तिथून. गायकाला हवी असते काळी एक नाहीतर काळी चार. आणि बहुतेक पेटीवाल्यांची बोटं शिकलेली असतात पांढरी एकवर. त्यामुळे पेटीवाला बँडमध्ये बसवला तरी तो अडखळायचा. सगळी गाणी बाराही पट्ट्यांतून वाजवता येणारा माणूस तालुक्यात एखादाच.

ही अडचण एका बटणाने संपवली. कॅसिओ कंपनीने 1980 मध्ये आपला पहिला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड काढला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो आपल्याकडे इतका पसरला, की वाद्य कुठल्याही कंपनीचं असो, नाव कॅसिओ. त्यातल्या ट्रान्सपोजवर, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणाऱ्या बटणावर, उणे दोन लावा, बोटं पांढरी एकवरच राहू द्या. आवाज येतो काळी पाचचा. बोटांनी आयुष्यभर जे शिकायचं ते बटणाने केलं. जुने जाणकार यावर नाक मुरडतात. मला त्यांचं पटतं, पण निम्मंच. कारण त्याच कीबोर्डाच्या कडेला सूर वाकवायचं चाकही आलं. आकाशवाणीने पेटीला नाकारलं ते ज्या मींडेसाठी, ती मींड आता डाव्या हाताच्या अंगठ्याखाली होती. सनईचा आवाज लावून ते चाक हळूच सोडणारा मास्तर ऐका, मग बोला.

नंदुरबार, नवापूरकडे याचा अजून वेगळा वापर झाला. कोकणा समाजाची पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात तिचं स्थान मोठं. गुजरातच्या सीमेपलीकडच्या टिमलीसारख्या नाचाच्या चाली तिकडच्या बँडवाल्यांनी कीबोर्डवर घेतल्या, आणि शहरातल्या वरातीत न वाजणारा ठेका लाऊडस्पीकरवरून रात्रभर घुमू लागला. जळगावचा मास्तर तिथे गेला तर चार दिवस नुसता ऐकत बसेल.

तर अशा रीतीने पेटीवाला अखेर गाडीवर चढला आणि म्होरक्या झाला. हातगाडी, जनरेटर, मग टेम्पोवर बांधलेले स्पीकर. आता बसून वाजवलं तरी वरातीबरोबर पुढे जाता येत होतं. गंमत अशी, की नेतृत्व त्याच्या हाती आलं तेव्हा नेण्याजोगा बँड उरला नव्हता. ट्रम्पेटचा आवाज कीबोर्डात, व्हायोलिनचा ताफा कीबोर्डात. रोलंडचा ऑक्टोपॅड 1985 मध्ये आला आणि ढोल-झांजावाल्यांचं काम एका माणसाकडे गेलं. वीसजणांच्या जागी पाच-सहा. ज्या क्लॅरिनेटवाल्याच्या हाताखाली मास्तर शिकले, त्याला या गाडीवर जागा द्यायची म्हटलं तर मालक विचारतो, याचा आवाज मशीनमध्ये आहे ना?

या धंद्यात चाळीस वर्षं काढणं म्हणजे चाळीस पंचांगं काढणं. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत काय ते कमवायचं. चातुर्मासात पोळा, गणपती, देवी यांवर भागवायचं. कापूस विकला गेला आणि केळीला भाव लागला की इसार लवकर येतो, नाहीतर सुपारी ठरूनही पैसे लग्नानंतर. 2024 च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राचा अस्त आला आणि ऐन हंगामात मुहूर्तांचा दुष्काळ पडला. त्याआधी 2020 ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, टाळेबंदीतच गेली. 26 एप्रिलचा तो दिवस एरवी बँडवाल्याला दोन गावांत पुरत नाही. डीजेने तर वर्षभराचा घास घेतला. त्याला ना सराव लागतो, ना माणसं, ना मास्तर. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा 2000 चा नियम दोघांनाही सारखाच, पण बंद करताना डीजेवाला बटण दाबतो आणि बँडवाल्याला गाणं संपवावं लागतं.

त्या रात्री पारोळ्याजवळही दहाला पाच मिनिटं असताना मास्तरांनी शेवटच्या ओळीला हात आवरता घेतला. मग वायर गुंडाळली, कीबोर्ड उलटा केला. दोन पट्ट्या दबत नव्हत्या. आतलं रबर धुळीने धरलं होतं. खिशातून कानात घालायची कापसाची काडी काढली, स्पिरिटमध्ये बुडवली आणि टेम्पोच्या दिव्याच्या उजेडात एकेक खाच पुसू लागले. शेजारी एक जाड वही उघडी पडली होती. डावीकडे गाण्याचे पहिले दोन शब्द, उजवीकडे फक्त आकडा: उणे दोन, अधिक एक, उणे चार. जुन्या पानांवर आकडे नव्हतेच, तिथे काळी एक, काळी चार असं निळ्या शाईत लिहिलेलं होतं. नव्या गाण्यांची पानं पोरानं लिहिली होती, तीही अर्धी मोबाइलमध्ये. पुसून झाल्यावर मास्तरांनी दोन्ही पट्ट्या दाबून पाहिल्या, कीबोर्डावर टॉवेल टाकला आणि पोराला विचारलं, "सकायना मुहूर्त कितला वाजता शे?"