डब्यावरचा 400 आणि 1960 ची दुरुस्ती

जुना फिल्म कॅमेरा प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या भरवशावर न सोडता हाताने चालवणाऱ्यांत एक वाद मिटतच नाही. फिल्मच्या डब्यावरचा आकडा म्हणजे तिची प्रकाशाची संवेदनशीलता. 400 ची फिल्म घातली, तर कॅमेऱ्याचा डायल 400 वर ठेवायचा की 200 वर, म्हणजे फिल्मला दुप्पट प्रकाश द्यायचा? 200 वाल्यांना जुन्या वळणाचे म्हणून हसतात. ते वळण पडलं कुठून, हे मात्र कुणी पाहत नाही.

1960 पूर्वी काळ्यापांढऱ्या निगेटिव्ह फिल्मचा आसा (अमेरिकी मानकाचा संवेदनशीलतेचा) आकडा हात राखून, म्हणजे मुद्दाम कमी दिला जाई. चाचणीत फिल्मला जेवढा कमीत कमी प्रकाश पुरे, त्याच्या साधारण अडीचपट मिळेल असा हिशेब असे. मीटर सगळ्यांकडे नव्हते, शटर सुस्तावलेले असत, अंदाज चुकत. 1960 मध्ये अमेरिकी मानकात ही राखीव जागा सव्वापटीच्या आसपास आणली गेली. फिल्म तीच, रसायन तेच, आकडा दुप्पट. 200 ची ट्राय-एक्स ही कोडॅकची फिल्म 400 ची झाली. मीटर आता भरवशाचे आहेत आणि जादा प्रकाशाने 35 मिमीच्या निगेटिव्हवर दाणे वाढतात, हा युक्तिवाद खोटा नव्हता. डब्यावर मोठा आकडा छापायला मिळणं विकणाऱ्यांनाही काही गैरसोयीचं नव्हतं.

प्रकाश कमी पडू लागला आणि फटका बसला तो सावल्यांना. टोपीखालचे डोळे निगेटिव्हवर काचेसारखे कोरे येतात, आणि प्रिंटमध्ये तिथे काळी भोकं दिसतात. डार्करूममध्ये कितीही खटपट करा, जे उमटलंच नाही ते येत नाही. स्लाइड फिल्मचं, जिच्यावर थेट सरळ चित्र उमटतं, गणित वेगळं. तिथे जादा प्रकाशच घात करतो, म्हणून 'अर्ध्यावर ठेवा' हा सल्ला तिला लावू नये.

'कडक उन्हात एफ 16 (भिंगाचं छिद्र), शटर आकड्याइतकं' हा मीटरशिवायचा नियमही यात अडकला. त्याच ट्राय-एक्सला जुन्या आकड्याने 1/200 सेकंद आणि नव्याने 1/400. आपल्याकडे त्यात पूर्व जर्मनीच्या ओर्वो फिल्मची भर: तिच्या एनपी 22 मधले 22 हे डिन या जर्मन मोजमापाचे, म्हणजे 125 आसा. 1974 पासून दोन्ही मोजमापं आयएसओच्या एका नावाखाली आली, पण राखीव जागा काही परत आली नाही.

पुढे 1990 च्या दशकात मीटर चालवणारे पाऱ्याचे 1.35 व्होल्टचे सेल बाजारातून गेले. त्यांच्या जागी 1.5 व्होल्टचा घातला की बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांच्या मीटरची सुई प्रकाश आहे त्याहून जास्त दाखवते, आणि फिल्मला कमी प्रकाश मिळतो. अशा कॅमेऱ्यात डायलही 400 वरच असेल, तर सावलीच्या वाट्याला दोन्हीकडून कात्री.