स्क्रीनशॉटमधला ढोल उभट का दिसतो?

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यातल्या मंडळांत स्मरणिकेसाठी, फ्लेक्ससाठी जुन्या मिरवणुकीच्या डीव्हीडी बाहेर निघतात. लक्ष्मी रस्त्यावरचं एखादं दृश्य संगणकावर थांबवायचं आणि स्क्रीनशॉट घ्यायचा, एवढं सोपं काम. पण टीव्हीवर धडधाकट दिसणारी माणसं चित्रात हडकुळी होतात आणि ढोलाचं गोल पान उभट होतं. मग कुणीतरी माउसने कोपरा ओढून अंदाजाने चित्र फुगवतं. अंदाजाची इथे काहीच गरज नाही, कारण बरोबर आकडा गणिताने निघतो.

१९८२ साली डिजिटल टीव्हीचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. ६२५ रेषांची पद्धत असो वा ५२५ रेषांची, दोन्हींत सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने (एक नमुना म्हणजे चित्रातला एक पिक्सेल) घ्यायचे आणि प्रत्येक रेषेत ७२० नमुने ठेवायचे, असं त्यात ठरलं. आपल्याकडच्या ६२५ रेषांच्या पाल पद्धतीत दिसणाऱ्या रेषा ५७६. म्हणजे डीव्हीडीतलं चित्र ७२० बाय ५७६, प्रमाण ५:४. पडदा मात्र ४:३ किंवा १६:९ असतो. याचा अर्थ या चित्रातले पिक्सेल चौरस नाहीतच, ते आडवे आहेत. चित्र किती ताणून दाखवायचं याची खूण फाइलमध्ये असते आणि प्लेअर ती वाचतो. स्क्रीनशॉट साठवताना काही प्लेअर ही खूण पाळतात, काही कच्चे पिक्सेल जसेच्या तसे लिहून टाकतात. पीएनजी फाइलमध्ये पिक्सेलचं प्रमाण नोंदवायची सोय आहे, पण चित्र दाखवणारे बहुतेक प्रोग्राम तिकडे बघतही नाहीत.

म्हणून आधी स्क्रीनशॉटचं माप पाहा. ७६८ बाय ५७६ किंवा १०२४ बाय ५७६ असेल तर प्लेअरने काम केलेलं आहे, पुन्हा ताणू नका. ७२० बाय ५७६ असेल तर दुरुस्ती बाकी आहे. मूळ व्हिडिओ मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि डिस्प्ले अ‍ॅस्पेक्ट रेशोची, म्हणजे चित्र दाखवायच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाची, ओळ वाचा. ४:३ असेल तर रुंदी ७६८ करायची, १६:९ असेल तर १०२४. उंची ५७६ च राहते. व्हीसीडीचं ३५२ बाय २८८ चित्र ३८४ बाय २८८ होतं, एचडीव्ही कॅमेऱ्याचं १४४० बाय १०८० हे १९२० बाय १०८०.

व्हिडिओ हरवला आणि फक्त स्क्रीनशॉट उरला, तर ढोल कामाला येतो. गिम्प या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये लंबगोल निवडीचं साधन पानाच्या कडेवर बसवा, रुंदी आणि उंची टूल ऑप्शन्समध्ये आकड्यांत दिसते. समजा रुंदी १२८ आणि उंची १८२ आली. भागाकार १.४२, आणि १०२४ ला ७२० ने भागलं तरी १.४२. म्हणजे चित्र १६:९ चं. उंची १३७ च्या आसपास आली असती तर ४:३. मात्र ढोल तिरका असेल तर पान मुळातच अरुंद दिसतं. म्हणून चित्रातले सगळे ढोल मोजा आणि ज्याचा भागाकार सर्वांत कमी येतो तो धरा. ढोल कॅमेऱ्याच्या उंचीवर आणि शक्यतो चित्राच्या मध्याजवळ असावा, कडेला भिंगामुळेही आकार बदलतो.

दुरुस्ती अशी: इमेज मेनूतलं स्केल इमेज उघडा, रुंदी-उंचीमधली साखळी तोडा, रुंदीत नवा आकडा घाला, इंटरपोलेशन क्यूबिक ठेवा आणि पीएनजीमध्ये एक्स्पोर्ट करा. साखळी तोडायची राहिली तर उंचीही वाढते आणि माणसं हडकुळीच राहतात. रुंदी तशीच ठेवून उंची ५४० वर आणली तरी ४:३ प्रमाण जमतं, पण आधीच मोजक्या असलेल्या रेषांपैकी ३६ हकनाक जातात. रुंदीच वाढवावी.

उंचीला हात न लावण्याचं आणखी मोठं कारण म्हणजे इंटरलेस. जुन्या कॅमेऱ्यांत सम आणि विषम रेषा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपल्या जातात, त्यामुळे टिपरू मारणाऱ्या हाताच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात. या अवस्थेत उंची बदलली तर दोन क्षणांच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि ते दाते पुढे कशानेही नीट निघत नाहीत. व्हीएलसी प्लेअरमध्ये स्क्रीनशॉटआधी डी दाबून डीइंटरलेस (हे दाते काढणारी सोय) चालू करा, मग शिफ्ट आणि एस.

छपाईसाठी आणखी नेमकेपणा हवा असेल तर चित्राच्या कडा पाहा. पालच्या जुन्या रेषेतला चित्राचा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ७०२ नमुन्यांचा. कॅसेटवरून उतरवलेल्या चित्रांत उरलेली जागा डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्यांच्या रूपात दिसते. अशा वेळी दोन्हीकडून ८ पिक्सेल कापून उरलेले ७०४ ताणून ७६८ करा. न कापता ताणलं तर चेहरे सव्वादोन टक्के अरुंद राहतात. फ्लेक्सवर ते कुणाला कळणार नाही, पण स्मरणिकेतल्या जवळून घेतलेल्या चेहऱ्यात घरच्यांना जाणवू शकतं. वर-खाली काळे पट्टे असतील तर प्रकार वेगळा: आधी ७६८ बाय ५७६ करा, मग वरून आणि खालून ७२ रेषा कापा, ७६८ बाय ४३२ उरेल.

उलटा दोषही असतो. १९३३ पासून पुण्यात, म्हणजे आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे, चित्रपट काढणाऱ्या ‘प्रभात’च्या काळातले बोलपट जवळपास चौकोनी पडद्यासाठी बनायचे. ते रुंद टीव्हीभर पसरवून दाखवले की नटनट्या आडव्या होतात. फाइलमधली खूणही १६:९ च सांगते, त्यामुळे प्लेअर फसतो. १९२० बाय १०८० च्या अशा चित्राची रुंदी १४४० केली की चेहरे जागेवर येतात. काही टीव्ही आणि प्लेअर मात्र मधला भाग जेमतेम आणि कडा जास्त ताणतात. अशा चित्रात कडेचा ढोल आडवा आणि मधला जवळपास गोल मोजला जातो, एकच आकडा दोघांना लागू पडत नाही. तिथे खटपट न करता मूळ फाइल शोधावी, कडा जास्त ताणण्याची ही सोय बंद करावी आणि स्क्रीनशॉट नव्याने घ्यावा.