लिनेझोलिड आणि नैराश्यावरील औषधे : एका धोक्याची पार्श्वभूमी

लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि नैराश्यावरील गोळ्या एकत्र घेतल्यास धोका संभवतो, ही सूचना आज माहितीपत्रकात छापलेली असते. तिची मुळे मात्र क्षयरोगाच्या वॉर्डात आहेत. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे नवे औषध मिळालेले क्षयरुग्ण कमालीचे उल्हसित दिसू लागले. सेरोटोनिनसारखी मेंदूतील संदेशवाहक द्रव्ये मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) हे औषध रोखते, असे अर्न्स्ट झेलर यांना आढळले आणि १९५७ पासून ते नैराश्यावर वापरात आले. यकृताला इजा होत असल्याने पुढे ते मागे पडले. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला मंजुरी मिळाली. ते सेरोटोनिन पेशीत परत शोषले जाऊ देत नाही. मोडण्याची आणि शोषण्याची अशा दोन्ही वाटा एकदम अडल्या, की सेरोटोनिन साचते; त्यातून होणाऱ्या बाधेला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात.

लिनेझोलिड २००० मध्ये आले ते हट्टी जिवाणूंसाठी. पण त्याच रासायनिक कुळातले टोलोक्साटोन फ्रान्समध्ये नैराश्यावर दिले जात होते. लिनेझोलिडही मोनोअमाइन ऑक्सिडेजला सौम्यपणे रोखते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जुलै २०११ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला.

खरी अडचण निदानाची आहे. ताप, घाम, वाढलेली नाडी, भ्रम ही सेरोटोनिन सिंड्रोमची लक्षणे गंभीर संसर्गातही दिसतात, त्यामुळे ताप जंतूंचा समजून तेच प्रतिजैविक चालू राहण्याची भीती असते. अशा वेळी पाऊल झटकन वर दाबल्यास घोटा लयीत उडत राहतो का, हे पाहणे मोलाचे ठरते; तो उडत राहिला, तर संशय सेरोटोनिन सिंड्रोमकडे वळतो. धोका वारंवार येणारा नाही, हेही सांगायला हवे: कॅनडात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लिनेझोलिड घेतलेल्या १,१३४ ज्येष्ठ रुग्णांच्या अभ्यासात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी होते. म्हणून घाबरून नैराश्याची गोळी स्वतःहून बंद करणे चुकीचेच. शिवाय फ्लुऑक्सेटिनचा अंश बंद केल्यावरही सुमारे ५ आठवडे शरीरात राहतो.

भारतात सप्टेंबर २०२४ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगासाठी बीपाल्म हा ६ महिन्यांचा उपचार मंजूर झाला, आणि त्यात रोज ६०० मिलिग्रॅम लिनेझोलिड आहे. इतर संसर्गांत सहसा दोनेक आठवडे दिले जाणारे हे औषध इथे महिनोन्‌महिने घेतले जाते, तेही अशा आजारात ज्यात नैराश्य नेहमीचे आहे. मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी क्षयरोग केंद्राच्या फाइलमध्ये असतेच असे नाही.