'कोलोसस' आणि तीस वर्षांची अळीमिळी गुपचिळी

दुसऱ्या महायुद्धातल्या सांकेतिक संदेशांचा विषय निघाला की गाडी एनिग्मा हे जर्मन सांकेतिक यंत्र आणि त्याचे संदेश फोडणारे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्यापाशीच थांबते. पण हिटलरच्या मुख्यालयाचे सेनापतींशी चालणारे सर्वात वरच्या पातळीवरचे संदेश जायचे लॉरेन्झ या बारा चाकांच्या यंत्रावरून. ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या संदेश फोडण्याच्या गुप्त केंद्रात ते यंत्र कुणी पाहिलंही नव्हतं.

ऑगस्ट १९४१ मध्ये एका जर्मन ऑपरेटरने कंटाळा केला. सुमारे ४,००० अक्षरांचा संदेश पलीकडे नीट पोचला नाही म्हणून त्याने चाकांची तीच मांडणी ठेवून तो पुन्हा पाठवला. वर टायपिंग वाचवायला काही शब्द आखडते घेतले. हुबेहूब तोच मजकूर पाठवला असता तर काहीच हाती लागलं नसतं! या फरकावरून ब्लेचलीतल्या जॉन टिल्टमन यांनी दोन्ही संदेश उलगडले. मग तिथल्याच चोवीस वर्षांच्या बिल टट यांनी केवळ कागद-पेन्सिलीवर अख्ख्या यंत्राची रचना मांडून दाखवली.

रोजचे संदेश फोडायला हाताचा वेग पुरेना. टॉमी फ्लॉवर्स हे टपाल खात्याच्या टेलिफोन संशोधन केंद्रातले इंजिनियर, गवंड्याचा मुलगा. त्यांनी सुमारे १,६०० व्हॉल्व्हचं (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचं) यंत्र सुचवलं. एवढे व्हॉल्व्ह टिकणार नाहीत, असं जाणकारांचं मत. सतत चालू ठेवले तर ते सहसा जात नाहीत, हे फ्लॉवर्सना टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून ठाऊक होतं. पदरचे पैसे घालून त्यांनी 'कोलोसस' उभं केलं. फेब्रुवारी १९४४ पासून ते ब्लेचलीत सेकंदाला ५,००० अक्षरं वाचू लागलं. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रं झाली. ती चालवायच्या नौदलाच्या महिला दलातल्या मुली.

युद्धानंतर आठ यंत्रं मोडीत निघाली, दोन गुप्तहेर खात्याने ठेवून घेतली. आराखडे फ्लॉवर्सनी वरून आलेल्या हुकुमानुसार स्वतःच भट्टीत घातले. बक्षीस मिळालं १,००० पौंड; तेही त्यांनी सहकाऱ्यांत वाटलं. पुढे असंच यंत्र बांधायला ते बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागायला गेले, तर असलं काही चालणारच नाही म्हणून नकार. 'मी बांधलंय की!' एवढंही म्हणायची सोय नव्हती. दरम्यान १९४६ साली अमेरिकेच्या एनिॲकचा गाजावाजा झाला आणि पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा मान तिकडे गेला. टट कॅनडात गणित शिकवत राहिले, तेही गप्प.

१९७० च्या दशकात सरकारने कोलोससची छायाचित्रं खुली केली, तपशीलवार अहवाल मात्र थेट २००० साली. फ्लॉवर्स १९९८ मध्येच वारले होते. त्याआधी, १९९३ साली, हेंडन कॉलेजने त्यांना एक प्रमाणपत्र दिलं होतं: संगणकाचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल.